चार भरत्यांचं दूध

माझी मैत्रीण पुढे मोठी विदुषी झाली. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या तिच्या गावातून विद्यापीठात शिकवायला गेलेली ती पहिली बाई. तिने आपलं पुस्तक मला पाठवलं तेव्हा मी पहिली दोन प्रकरणं वाचली, तिसऱ्यात मला झोप लागली, आणि मागचं पान मात्र दहादा वाचलं. तिथे तिच्या आयुष्याच्या सात ओळी छापल्या आहेत. त्यातली दुसरी अशी: ‘वडिलांच्या प्रोत्साहनाने ती उच्च शिक्षणासाठी कैरोला गेली.’

वडिलांचं प्रोत्साहन म्हणे. मी तिला फोनवर चांगलं झापलं. ती हसली आणि म्हणाली, “मग माझं लहानपण तूच लिही. थोडं बनवून लिहिलंस तरी मी तक्रार करणार नाही.” बनवायची काही गरज नाही. मी तिथे होते, आणि माझी मेली स्मरणशक्ती अजून कुणाचं ऐकत नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. बाबा आधी मोंबासाला लाकडाच्या वखारीत होते, माझा जन्म तिथलाच. तीही तिथलीच, माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. तिचे वडील गलबतं बांधणारे सुतार. ती चार महिन्यांची असताना तिची आई तापाने गेली आणि तिला वाढवलं तिच्या आत्याने. पन्नासच्या दशकात बाबा कुवेतला एका व्यापाऱ्याकडे लागले. आफ्रिकेतून गलबतांनी येणारे खारफुटीचे वासे उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. वर्षभरात त्यांनी तिच्या वडिलांनाही बोलावून घेतलं, आणि शर्क नावाच्या भागात, किनाऱ्यालगत, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमची दोन बिऱ्हाडं पुन्हा शेजारी आली. जुन्या कुवेतातल्या घरांची छपरं याच वाशांवर उभी असत. तिथल्या खोल्या एवढ्या अरुंद का, तर वासा तेवढाच लांब मिळतो, हे तिने मला नवव्या वर्षी समजावून सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, असेल.

आमच्या दोन घरांत स्वाहिली, अरबी आणि हिंदुस्तानीची खिचडी चाले. माझ्या आईची स्वाहिली मोडकी पण धीट होती. तिला जो शब्द यायचा नाही तिथे ती कोकणी शब्द जोरात म्हणायची आणि समोरच्याला तो कळायचा. मी आणि माझी मैत्रीण मुलींच्या सरकारी शाळेत एकाच बाकावर बसायचो. मी पास व्हायचे, ती पहिली यायची. शाळा सुटली की आम्ही गलबतांच्या धक्क्यापाशी सावली बघून बसायचो. तिथे ती पुस्तक वाचायची आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायची.

शेवटच्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. तिचे वडील एका गलबताच्या सांगाड्यावरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ते जे खाटेवर पडले ते पडलेच. आणि शाळेतल्या इजिप्शियन बाईंनी खटपट करून तिला कैरोतल्या एका कॉलेजात जागा मिळवून दिली. फी नाही, वसतिगृह फुकट, फक्त महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा.

तिचे वडील वाईट माणूस नव्हते. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “मेहरम कोण आहे?” मेहरम म्हणजे बाप, भाऊ, सख्खा काका, मामा, ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा पुरुष. त्याच्यासोबत मुलगी समुद्र ओलांडेल, त्याच्याच सोबत सुट्टीत परत येईल, एरवी नाही. बाप खाटेवर, भाऊ नाही, काका-मामा आफ्रिकेत. पत्र उशीखाली गेलं. पंधरा दिवसांनी, आपलं काही खरं नाही असं वाटून, त्यांनी बाबांना बोलावलं आणि माझ्या थोरल्या भावासाठी तिची सोयरीक घातली. बाबांना आनंद झाला. त्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला.

मला तर आभाळ ठेंगणं झालं. ती कायमची आमच्या घरात येणार, आणि वर मी तिची नणंद. तिला काय हवंय हे मी विचारलंच नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आज लिहिताना याची लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. भायला, म्हणजे माझ्या या थोरल्या भावाला, मात्र घाम फुटला होता. भाय बावीस वर्षांचा, व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला, स्वभावाने गाय. मोठी झाल्यापासून ती त्याच्यासमोर येत नसे, पण दाराआडून त्याचं अरबी मात्र सुधारायची. “मी आयुष्यभर घरात चुका काढून घेऊ?” असं तो मला म्हणाला होता. मी त्याला म्हटलं, सवय होईल.

ती मला धक्क्यापाशी एवढंच म्हणाली, “तुझा भाऊ चांगला आहे. मला कैरोला जायचंय.” आणि पुस्तक उघडून बसली. पण तिने पान उलटलं नाही, हे मी पाहिलं.

आई हे सगळं ठरलं तेव्हा कुवेतात नव्हती. मावशीच्या बाळंतपणाला गावी गेली होती, ती चार महिन्यांनी आगबोटीने परत आली. बाबांनी तिला बसूही दिलं नाही. चहाचा पहिला घोट तिच्या घशाखाली उतरायच्या आत त्यांनी पोराचं लग्न ठरवल्याची बातमी दिली. आईने कप खाली ठेवला.

“त्या पोरीला मीनी दूध पाजलाय,” ती म्हणाली. “माज्या आंगावर. तिची आय तापानी पडली व्हती तवा.”

आमच्याकडे दूध म्हणजे नातं असतं. अंगावरच्या वयाच्या मुलाला दुसऱ्या बाईने पाजलं, की ती त्याची दूधआई, तिची मुलं त्याची दूधभावंडं, आणि दूधभावंडांचं लग्न होत नाही. पण किती पाजलं, यावर मतं आहेत. आम्ही कोकणी शाफई पंथाचे, आणि योगायोगाने मोंबासाकडचेही शाफई. आमच्या रिवाजात पाच वेगवेगळ्या वेळा, दर वेळी पोटभर, पाजलेलं असावं लागतं. चार वेळा पाजलं तर ते उपकार. पाचव्यांदा पाजलं की नातं.

आमच्या लोकांत अशा बाबतीत शेवटचा शब्द मौलवीसाहेबांचा. ते दापोलीकडचे, पोटासाठी मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होते. बोटांना कायम वंगण, बोलणं मात्र स्वच्छ. त्यांनी आईला विचारलं, “किती वेळा पाजलं?”

“मोजतंय कोण? पोर रडत व्हता, पाजला.”

“दूध पाजलं की चार माणसांत सांगून ठेवायचं असतं.”

“चार मानसां व्हती खय तवा? दोघे बापये लाकडाच्या कामाला लांब गेलेले. एकीला ताप, एक तिची सेवा करतेय न एक मी.”

मौलवीसाहेबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं की इतकी शंका निघाल्यावर हे लग्न करू नये. बाबांचा शब्द फिरला असं कुणी म्हणणार नाही. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण दिलेला शब्द आणि बायको या दोघांच्या मधे सापडण्यासारखं दुसरं संकट नाही. भायने त्या संध्याकाळी आठ घावने खाल्ले. मी एकटी हिरमुसले, आणि मला कुणी विचारलं नाही.

पुढची गोष्ट ध्यानात आली ती तिच्याच. दुसऱ्या दिवशी ती पळत आली. ती पळायची नाही कधी. “तो माझा भाऊ असेल तर मेहरमही झाला,” ती म्हणाली. “तो मला कैरोला सोडू शकतो.”

आम्ही दोघी तशाच मौलवीसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी ऐकलं, आणि तिला खाली बसवून अगदी हळू आवाजात सांगितलं, “बेटी, लग्न मोडायला शंका पुरते. मेहरम व्हायला खात्री लागते. पाच म्हणजे पाच.”

म्हणजे आता सगळं आईच्या आठवणीवर आलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशात, एका तान्ह्या पोरीला आपण किती वेळा पदराखाली घेतलं. महिना संपायला अकरा दिवस होते. भाय एकदा म्हणाला की इथल्या काझीकडे जाऊ, ते दुसऱ्या पंथाचे, त्यांच्यात म्हणे एकदा पाजलेलंही चालतं. आईने त्याला गप्प केलं. “ज्या मापानी आजवर घेतला त्याच मापानी द्यायचा,” ती म्हणाली. “सोयीपुरता माप बदलायचा नाय.”

तीन दिवस आई कुणाशी धड बोलली नाही. सुपारी कातरायची आणि ओठ हलवत बसायची. चौथ्या दिवशी अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, “भरती.”

मोंबासाला आमचं घर खाडीच्या अलीकडे होतं, त्यांचं पलीकडे. मधे पाणी थोडं आणि चिखल फार. होडी आमच्या पायऱ्यांना लागायची ती फक्त भरतीला. तिच्या आईला ताप चढला, दूध आटलं, तेव्हा आत्या बाळाला होडीत घालून आणायची. आई पाजायची, आणि पाणी उतरायच्या आत होडी परत. बाळाला आमच्याकडेच ठेवा, असं आईने सुचवलं होतं, पण आजारी बाई पोरीला नजरेआड करायला तयार नव्हती. मधल्या वेळेला साखरेचं पाणी आणि शेळीचं दूध. म्हणजे एक भरती, एक पाजणं. किती वेळा पाजलं ते आठवत नसलं तरी भरत्या मोजता येतील. आणि आईला दोन दिवस पक्के आठवत होते: बाळ पहिल्यांदा आलं तो गुरुवार, त्याच संध्याकाळी नवा चांद दिसला होता, आणि बाळाची आई गेली तो शनिवार, असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची, बांग चालू असताना.

सगळे तिच्या वडिलांच्या खोलीत जमलो. ते खाटेवर, बाबा आणि मौलवीसाहेब समोर, आई दाराशी जमिनीवर. आत्या कोपऱ्यात, नेहमीसारखी गप्प. मी आणि माझी मैत्रीण आतल्या खोलीत पडद्यामागे. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ते दुखत होतं.

आईने हिशेब मांडला. आमच्या किनाऱ्यावर बायकापोरांनाही हा येतो: चांदाची तारीख जितकी, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पाणी भरतं. नवा चांद दिसतो त्या दिवशी भरती दुपारी एकच्या सुमाराला. मग रात्री एकदा, दुसऱ्या दिवशी दुपारी थोडी उशिरा, असं पुढे. आईने बोटं धरली. गुरुवारी दुपारची पहिली. रात्रीची दुसरी. शुक्रवारी दुपारची तिसरी, रात्रीची चौथी. शनिवारी दुपारची पाचवी.

“न असरला ती गेली,” आई म्हणाली. “पाच.”

मौलवीसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला आणि हसले. खाटेवरून तिच्या वडिलांनी अल्लाचे आभार मानलेले ऐकू आले. मी तिला मिठी मारायला वळले. ती दगडासारखी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेत शंभरदा पाहिलं होतं: फळ्यावरच्या गणितात बाईंची चूक सापडली की ती अशी दिसायची.

“बोलू नकोस,” मी म्हटलं.

तिने माझं मनगट सोडलं. “खाला,” ती पडद्यामागून माझ्या आईला मोठ्याने म्हणाली, “हे कोकणचं पाणी आहे.”

“म्हंजे?” आईने बाहेरून विचारलं.

“मोंबासाला नवा चांद दिसतो त्या दिवशी दुपारी भरती नसते. असरनंतर असते. गुरुवारी असरनंतरची पहिली. शुक्रवारी पहाटेची दुसरी, संध्याकाळची तिसरी. शनिवारी पहाटेची चौथी. त्यानंतरचं पाणी मगरिबला, सूर्य बुडताना, भरलं असेल. तोवर आई गेली होती.” शेवटी तिनेच तो आकडा म्हटला. “चार.”

तिचे वडील म्हणाले, “खरं आहे. तिकडे चांदाच्या दिवशी आम्ही गलबत असरनंतरच पाण्यात ढकलायचो.”

आईने कपाळावर हात मारला. “इतकी वर्सां मोंबासाला काढली न हिशेब गावचा केला,” ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला चुकल्याचं दुःख होतं, आणि पोरीचं नुकसान झाल्याचं त्याहून जास्त. मौलवीसाहेब उठले. जाताना पडद्याकडे बघून म्हणाले, “अल्ला तुला याचं फळ देईल, बेटी.” मला त्यांचा राग आला. अल्ला कधी देईल ते देईल, महिना सात दिवसांत संपणार होता.

खरा राग मला तिचा आला होता. दुसऱ्या दिवशी धक्क्यापाशी मी तिला गाठलं. “तुला कुणी विचारलं होतं?”

“चूक होती.”

“असू दे की चूक. सगळे खूश होते. तुझे वडील खूश होते.”

तिने पुस्तक मिटलं. “मी तुझ्या भावासोबत परदेशात गेले असते, त्याच्यासमोर उघड्या तोंडाने बसले असते, आणि तो माझा कुणी नाही हे फक्त मला माहीत असतं. तशी शिकून मी काय केलं असतं?” मग तिचा आवाज फुटला. “मला जायचं होतं गं. तुला काय वाटलं, मला जायचं नव्हतं?”

मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवून आले होते, ते जमलं नाही. आम्ही दोघी तिथे बसून रडलो, आणि मासळीबाजारातून झुबेदीचे, म्हणजे आपल्या पापलेटांचे, हारे घेऊन जाणारे हमाल आमच्याकडे बघत गेले. बघू देत म्हटलं.

त्यानंतरचे चार दिवस वाईट गेले. तिच्या घरात दुसऱ्या एका स्थळाची कुजबुज सुरू झाली. शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला. आई जेवताना अर्ध्यातून उठायची.

पाचव्या दिवशी दुपारी, कुवेतात कुत्रंही बाहेर पडत नाही अशा उन्हात, तिची आत्या आमच्या दारात उभी राहिली. मागे ती. मी या आत्याला घाबरायची. उंच, कोरडी बाई. आवाज न चढवता रागवायची. माझी मैत्रीण तिला शांगाझी म्हणे, त्यांच्याकडे आत्याला तसं म्हणतात. ती कुणाकडे जायची नाही. आईने पाणी पुढे केलं, ते तिने घेतलं नाही, बसलीही नाही.

“त्या शनिवारी तू आमच्या घरी कशी आलीस?” तिने आईला विचारलं.

“होडीनी,” आई म्हणाली. मग थबकली. “नाय. होडी नव्हती.”

“नव्हती. पाणी अर्धंच भरलं होतं. पलीकडून आमच्या बायकांचं रडणं ऐकून तू तशीच पाण्यात उतरलीस. आलीस तेव्हा कमरेच्या वरपर्यंत भिजलेली. मी तुझं लुगडं सोडवलं आणि तुला माझा कांगा गुंडाळायला दिला.”

“कांगा आठवतंय,” आई म्हणाली. “तो मीनी परत द्यायचा राहिला.”

“तू भिंतीला टेकून बसलीस. आतल्या खोलीत बायका माझ्या भावजयीला शेवटची आंघोळ घालत होत्या. ही किंचाळत होती. सकाळपासून हिला काही गेलं नव्हतं. कुणाला सुचेना तेव्हा मी हिला उचलून तुझ्या मांडीवर टाकली. तू रडत होतीस, तू खाली बघितलंही नाहीस. पण हिला पदराखाली घेतलंस.”

आई तिच्याकडे बघतच राहिली. “मीनी होड्या मोजल्या,” ती म्हणाली. “मी आपल्या होड्याच मोजल्या.”

मी हिशेब करत होते. चार आणि एक. पण ‘दर वेळी पोटभर’ ही अट मला आठवली आणि मला विचारावंच लागलं. “पोटभर प्यायली का?”

आत्या मला उत्तर देणार, तेवढ्यात माझी मैत्रीण बोलली. “त्या दिवशी मी सारखी रडत होते ना? लोक तसंच सांगतात. आईला नेलं तेव्हा मी रडत होते.”

“लोकांना काय माहीत,” आत्या म्हणाली. “आधी रडत होतीस. मग पोट भरलं आणि झोपलीस. तुझ्या आईला घरातून नेलं तेव्हा तू गाढ झोपेत होतीस. तुझा हात हिच्या कांग्यात होता, तो सोडवताना मला भीती वाटली की जागी होशील. पण नाही झालीस. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर उठलीस.”

माझी मैत्रीण तिथेच, उंबऱ्यावर, खाली बसली. आईने तिला जवळ घेतलं. आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती इतकी रडली की माझ्या फ्रॉकची बाही आणि आईचा पदर दोन्ही तिला पुरले नाहीत. पण ते रडणं मोकळं होतं, हे मला तेव्हाही कळलं.

आत्या अजून उभीच होती. “मला पहिल्या दिवसापासून हे आठवत होतं,” ती म्हणाली. “तू भरत्या मोजत होतीस तेव्हा मी कोपऱ्यात बसले होते. तू पाच म्हणालीस तेव्हाही गप्प, हिने चार केले तेव्हा तर मनातून बरं वाटलं. ही गेली की माझ्याजवळ कोण आहे? पांगळा भाऊ आणि मी.” तिचा आवाज तेवढाच कोरडा होता. “पण हिने स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं, आणि हिला वाढवलं मी. चार दिवस मला हिच्याकडे बघवलं नाही.”

तेव्हा कुठे ती बसली आणि तिने पाणी मागितलं.

मौलवीसाहेबांनी संध्याकाळी तिच्या वडिलांच्या खोलीत आई आणि आत्या दोघींना समोर बसवून सगळं पुन्हा ऐकलं. खोदून खोदून विचारलं. शेवटी म्हणाले, “स्वतःच्या तोट्याची साक्ष कुणी खोटी देत नाही. पाच झाले.” मग त्यांनी भायला बोलावलं आणि पडदा बाजूला करायला सांगितलं. ती बाहेर आली. भायने मान खाली घातली, मग वर केली, आणि एवढं मोठं शास्त्र झाल्यावर काय बोलावं हे न सुचून तो म्हणाला, “जेवलीस का गो बाय?” खाटेवर पडल्यापासून तिचे वडील पहिल्यांदा मोठ्याने हसले. खुबा दुखेपर्यंत हसले. मग उशीखालून पत्र काढून त्यांनी तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “आज उत्तर कळव.” प्रोत्साहन म्हणायचं तर ते एवढंच.

शाळेच्या बाईंनी तारेने कळवलं, आणि उत्तर वेळेत पोचलं. दोन महिन्यांनी भाय व्यापाऱ्याकडून रजा घेऊन तिच्यासोबत विमानाने गेला. त्याआधी आमच्या घरातलं कुणी विमानात बसलं नव्हतं. आईने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधली, आत्याने गोड मांदाझी तळून दिल्या. विमानतळावर आत्या आली नाही. ती घरी जमीन पुसत होती, आदल्या दिवशीच पुसलेली. आई विमानतळावरून परस्पर तिच्याकडे गेली आणि रात्रीचं जेवण आटपूनच घरी आली. पुढे ती रोजच जायला लागली.

भाय आठ दिवसांनी परत आला. आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो, आत्याही होती. त्याने सांगितलं की वसतिगृहाच्या बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, हा गोरा कोकणी, ती काळीसावळी, आणि विचारलं, “तुम्ही हिचे कोण?” भाय म्हणाला, भाऊ. बाईंनी पुन्हा पाहिलं. तेव्हा ती पुढे होऊन म्हणाली, “पाच वेळांचा,” आणि बाईंनी वहीत भाऊ असं लिहून घेतलं. मग फाटक लावलं गेलं.

आत्या खाली बघत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “फाटकाशी रडली का रे?”

“ती नाय रडली,” भाय म्हणाला, आणि पाणी प्यायला आत गेला.